विमानाचा डावा पाय

ज्यांच्यामुळे मी आज चार ओळी नीट लिहू शकतो ते दादरला राहणारे एक दातांचे डॉक्टर. आधी त्यांच्याबद्दल लिहितो, मग मी काय केलं ते. उलट लिहायला गेलो तर माझंच रडगाणं होईल आणि ते राहून जातील अशी भीती वाटते.

नाव देत नाही. विचारलं असतं तर ‘कशाला रे’ म्हणाले असते, आणि त्यांना न विचारता काही करायची हिंमत आता माझ्यात उरलेली नाही. वय सत्तरीच्या पुढे. घराणं मुंबईतलं जुनं, गिरगावात त्यांची घरं होती म्हणे, ती वाटण्यांत गेली. दवाखाना परळला होता, तो त्यांनी स्वतःच बंद केला. का ते पुढे येईलच.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका लोहाराचा मुलगा. नववीत शाळा सोडली आणि बापाच्या भात्यावर बसलो. दोन वर्षांत तोही सोडून मुंबईला आलो. म्हणजे पुस्तकही अर्धं आणि हातोडाही अर्धा. काळाचौकीला एका खोलीत आम्ही सात जण राहायचो. कामावर कोणी काही बोललं नाही तरी मला वाटायचं, आज नक्की काढून टाकणार. कुणी चांगलं वागलं तर जास्तच धसका बसायचा, हे किती दिवस टिकेल म्हणून.

अशा माणसाला डॉक्टरांनी आपल्या टेबलाशी बसवलं. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कसा वाचायचा ते शिकवलं. कोन म्हणजे काय, व्यास म्हणजे काय हे शाळेत न कळलेलं सगळं चाकं कापता कापता समजावलं. ‘एवढं कळतंय तर दहावी का नाही देत?’ म्हणाले आणि बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा अर्ज स्वतः जाऊन घेऊन आले. त्यांच्या घरी जेवलो किती, याचा हिशेब लागणार नाही. पहिल्यांदा काकूंनी मासळीचं भुजणं वाढलं तेव्हा मी काट्यासकट गिळलं. काकू म्हणाल्या, “अरे हिंगोली, मासा आहे तो, ज्वारीची भाकर नाही. हळू.” तेव्हापासून त्या मला हिंगोलीच म्हणतात.

आमची ओळख चाकामुळे झाली. मी काम करतो ते दुकान परळला इस्पितळांच्या मागच्या गल्लीत आहे. डायबेटिसच्या पेशंटसाठी मऊ चपला, पोलिओ झालेल्यांसाठी बूट आणि पायाला आधार देणारे पट्ट्यांचे कॅलिपर, सपाट पायांसाठी बुटातल्या गाद्या, असलं सगळं तिथे बनतं. पुढे काउंटर. मागे आम्ही तिघे कारागीर, रबराची शीटं, गॅसची बत्ती आणि तळवे घासून गोल करायचं बफिंगचं मशीन. एके दुपारी डॉक्टर आले आणि खिशातून रुमाल काढून काउंटरवर उलगडला. आत मुठीत मावेल एवढं काळं प्लॅस्टिकचं चाक.

“हे कसलं?” मालकांनी विचारलं.

“विमानाचं.”

“काका, आमच्याकडे पेशंटचं काम होतं.”

“पेशंटच आहे. उतरताना पाय दुखतात त्याचे.”

मालक हसले आणि त्यांना माझ्याकडे मागे पाठवलं.

ती विमानं रिमोटवर उडणारी. खेळणं म्हटलेलं डॉक्टरांना चालायचं नाही, मॉडेल म्हणायचं. लाकडाच्या पट्ट्या, वर कापडासारखं चिकटवलेलं प्लॅस्टिक, पंख्याला बॅटरीची मोटर. मुंबईत उडवायला परवानगी नाही, म्हणून डॉक्टर आणि त्यांचे एक मित्र रविवारी सकाळी गाडीने कर्जतच्या पुढे जायचे. तिथे ओळखीच्या माणसाचं भाताचं शेत. पीक निघालं की शेत मोकळं, पण भाताचे खुंट जमिनीत तसेच आणि मधे मधे वाळलेली ढेकळं. बाजारातली चाकं गुळगुळीत धावपट्टीसाठी केलेली. ती खुंटाला अडकायची, विमान नाकावर पडायचं. नाहीतर कडक असल्यामुळे टेकल्या टेकल्या उसळायचं आणि दुसऱ्यांदा आपटताना काहीतरी मोडायचं.

मी पहिलं चाक कापलं ते स्लिपरच्या निळ्या शीटचं. मऊ, हलकं, मला वाटलं काम झालं. त्या रविवारी डॉक्टर मला सोबत घेऊन गेले. विमान उतरलं, चाकं चपटी झाली ती झालीच, आणि मधलं भोक अंड्यासारखं लांबुळकं झालं. डॉक्टरांचे मित्र शिवडीकडच्या कोळीवाड्यातले. घरच्या बोटी होत्या, आता मुलं बघतात. सगळे त्यांना नाखवा म्हणतात. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, “डॉक्टर, तुमचं विमान चप्पल घालून आलंय. दारात काढून ठेवायला सांगा.”

मी शरमेने लाल. डॉक्टर मात्र म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. चपलेतून बुटाकडे जाऊ.”

परत येताना गाडीत मी विमानाचा पंख मांडीवर धरून बसलो होतो आणि डोक्यात दुकानातल्या चपला फिरत होत्या. डायबेटिसच्या चपलेला आम्ही एकच रबर लावत नाही. पायाखाली मऊ, त्याखाली घट्ट. मऊ थर टोचू देत नाही, घट्ट थर आकार सोडू देत नाही. चाकालाही तेच करायचं, फक्त मऊ बाहेर आणि घट्ट आत. पुढच्या चाकात मी मधे घट्ट शीटचा गोल घातला, दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूडच्या चकत्या, आरपार पितळेची बारीक नळी आणि बाहेरून मऊ रबराचा पट्टा. गोलाई हाताने येत नव्हती. मग चाकाच्या नळीतून बोल्ट घालून तो ड्रिलमध्ये पकडला, आणि फिरतं ड्रिल फिरत्या बफिंगला टेकवलं. दोन्ही फिरतायत म्हटल्यावर चाक आपोआप गोल होत गेलं. मालक बघत होते. “पेशंटच्या चपला पण एवढ्या मन लावून कर,” म्हणाले.

चाकांचं वजन काकूंच्या केकच्या काट्यावर व्हायचं. एक चाक तीन ग्रॅम जास्त भरलं की मी चकतीला भोकं पाडायचो, पुन्हा काट्यावर ठेवायचो. काकू मैद्याचा डबा घेऊन उभ्या. “झालं का तुमच्या बाळाचं वजन? पुसून द्या काटा, मला नानकटाई करायचीय.”

हळूहळू चाकं मोठी झाली, कारण मोठं चाक खुंटावरून चढून जातं, छोटं अडकतं. मग प्रश्न आला पायांचा. चाक ज्या तारेवर बसतं त्या तारेला आम्ही पायच म्हणायचो. डॉक्टरांनी विमान दोन बोटांवर तोलून दाखवलं. जिथे तोल बसतो त्याच्या थोडं पुढे चाकं हवीत, नाहीतर ब्रेक लागल्यासारखं नाक खाली जातं. आणि पावलं किंचित आत वळलेली हवीत, म्हणजे पळताना सरळ पळतं. हे मला चटकन कळलं. पावलं बाहेर टाकून चालणारा पेशंट कसा डुलत येतो ते मी रोज बघतो. डॉक्टर म्हणाले, “बघ, हे सगळं तुला येतच होतं. नाव फक्त मी सांगितलं.”

असं बोलायचे. आणि मी घाबरायचो, कारण इतकं काही मला येत नव्हतं.

आता दवाखान्याचं. एका संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत भूमितीचं प्रमेय लिहून झालं, तेव्हा त्यांनी मला आपला उजवा हात दाखवला. बोटं बारीक थरथरत होती. “एका बाईंच्या तोंडात ड्रिल होतं आणि हा हलला. त्यांना काही झालं नाही. पण मला कळलं. त्याच दिवशी पाटी काढली.” मग त्यांनी रिमोट हातात घेतला, दोन्ही अंगठे त्याच्या काड्यांवर टेकवले. “आता बघ.”

मी वाकून बघितलं. हात एकदम शांत होता.

“इथे हलत नाही. का, ते मला डॉक्टर असून सांगता येत नाही. पण जोवर इथे हलत नाही तोवर मी अजून आहे असं वाटतं.”

काकू आतून म्हणाल्या, “आणि घरात नाहीत वाटतं तुम्ही?” सगळे हसलो. पण ते वाक्य मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

त्या वर्षी डॉक्टरांनी एक मोठं विमान बांधायला घेतलं. वर्षभर बांधत होते. माझ्या दोन हातांइतका पंख एका बाजूचा. लाकूड कापायचं ते स्वतः, थरथरत्या हाताने, एकेक पट्टी दोनदा-तीनदा कापून. त्याच्या पायांसाठी जाड तार लागणार होती. पियानो वायर म्हणतात तिला, पण मिळते स्प्रिंगवाल्यांकडे. गिरगावात एका गल्लीतला म्हातारा स्प्रिंगवाला दुकान गुंडाळत होता, त्याच्याकडे त्या जाडीचा शेवटचा तुकडा होता. डॉक्टर तो छत्रीसारखा काखेत घालून घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या हातांनी ती वाकली नसती.

“थंडच वाकवायची,” म्हणाले. “विस्तव दाखवायचा नाही. दाखवलास की मेली म्हणून समज. कळलं?”

“हो डॉक्टर.”

“तुला काय सांगायचं म्हणा. तुला लोखंड कळतं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानातल्या शिकंज्यात तार आवळली, वरून पाइप घातला आणि सगळं अंग टाकून वाकवली. उजवा पाय झाला, कोन बरोबर, मापात. मग डावा केला. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. दोन्ही उजवे होते. आयुष्यभर चपलांचे जोड बनवणाऱ्या दुकानात बसून मी दोन उजवे पाय केले होते. चाक बसायचं टोक डाव्यालाही उजवीकडेच वाकवलं होतं.

थंड तार उलटी वाकेना. पाइप घसरला, हाताला खोक पडली. तार शेवटची होती. खरं म्हणजे फोन करून सांगायचं, एवढंच होतं. डॉक्टर ओरडले नसते, हेही मला माहीत होतं. ओरडण्याची भीती नव्हती. ‘तुला लोखंड कळतं’ हे ते पुन्हा म्हणणार नाहीत, याची होती.

गॅसची बत्ती समोर होती. कॅलिपरच्या पट्ट्या आम्ही रोज तिच्यावर वाकवतो. मी मनात म्हटलं, डॉक्टरांना दात कळतात, लोखंड माझ्या बापाचं आहे. तार गुंजेसारखी लाल केली, मेणासारखी वाकली, हवं तसं टोक फिरवलं. आणि मग, विचार न करता, पाण्याच्या बादलीत बुडवली. च्यस्स झालं. आमच्याकडे याला पाणी देणं म्हणतात. कोयत्याला, कुदळीला पाणी दिलं की ती कडक होते. कानस लावून बघितली तर कानस वरून घसरली, कातरेना. मला इतकं बरं वाटलं! पहिल्यापेक्षा मजबूत झाली, म्हटलं. काळा पडलेला भाग पॉलिश पेपरने घासला, दोन्ही पायांना चंदेरी रंग मारला.

बाप पाणी दिल्यावर ते पातं पुन्हा निखाऱ्यावर धरायचा, पिवळसर छटा येईपर्यंत शेकायचा. हे मी शंभरदा बघितलं होतं. कशासाठी ते विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ओलं आहे म्हणून वाळवतोय.

डॉक्टर नेहमी नवे पाय लावले की विमान वीतभर उंचीवरून जमिनीवर सोडून बघायचे. एकदा, दोनदा, दहादा. त्या वेळी मीच म्हटलं, “टाकून बघू या ना.” म्हटलं, पण आवाज पडलेला होता. ते म्हणाले, “तू केलंयस ना? मग काय बघायचं.” आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

जानेवारीतला रविवार. शेतावर धुकं होतं, ते निवळेपर्यंत थांबलो. नाखवांनी मोबाइलवर शूटिंगची तयारी केली. “डॉक्टर, वर्षभराचं बाळंतपण आहे, जपून.” विमान खुंटांवरून सरळ पळालं, माझी मोठी चाकं लोण्यावरून जावीत तशी गेली, आणि उचललं. इतकं मोठं आणि इतकं संथ. डॉक्टरांनी त्याला चार-पाच गोल चकरा मारल्या. मी विमानाकडे बघतच नव्हतो. त्यांच्या अंगठ्यांकडे बघत होतो. हलत नव्हते.

उतरायला आणलं. मी शपथेवर सांगतो, तसं लँडिंग मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. पान पडावं तसं. दोन्ही चाकं एकदम टेकली. आणि डावा पाय खडूसारखा तुटला. आवाजसुद्धा खडूचाच आला. पंख जमिनीला लागला, विमान गर्रकन फिरलं, नाकावर उभं राहिलं आणि उलटं पडलं. वर्षभर कापलेल्या पट्ट्या शेतभर झाल्या.

नाखवा, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात तसं, म्हणाले, “जरा आपटलंत हो डॉक्टर.”

डॉक्टरांनी रिमोट डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताकडे बघितलं. तो आता थरथरत होता. कुणाचाही थरथरला असता. “हो,” म्हणाले. “म्हणजे आता इथेही हलतो.”

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. एक पाऊल अंतर नव्हतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी धावत गेलो ते मोडतोड गोळा करायला, आणि सगळ्यात आधी तुटलेली तार उचलून खिशात टाकली.

संध्याकाळी गावी बापाला फोन केला. दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं विचारलं. बाप म्हणाला, “पाणी दिलं अन् शेकलं न्हाई? मंग ती काच झाली की रं. लेकराला बी ठावं असतंय हे.” मग म्हणाला, “तू लवकर गेलास.”

डॉक्टरांनी रिमोट कपाटात ठेवला. पुन्हा काढला नाही. माझा अभ्यास मात्र थांबवला नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली, परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या दारापर्यंत आले. निकाल लागला, पास झालो, गणितात एकसष्ट. डॉक्टरांनी पेढे आणले आणि काकूंना म्हणाले, “याला भरव, माझ्या हातून सांडेल.” तो पेढा मला गिळवेना. त्यांना वाटलं आनंदाने. दर वेळी जाताना ती तार खिशात घेऊन जायचो आणि तशीच परत आणायचो. आज नको, आज त्यांचं डोकं दुखतंय. आज पाहुणे आहेत. आज मी पास झालोय, आजच कसं सांगू. अशी कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

गणपती होऊन गेल्यावर काकूंनी मला लालबागहून मसाला कुटून आणायला सांगितला. मी पिशवी घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर आत झोपले होते. काकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, “हिंगोली, तुझं ऐकतात म्हणून सांगते. दाढीला न्हावी घरी बोलावतात आता. चहा मी बशीत ओतून देते. बटणं मी लावते. जमत नाही असं नाहीये रे, करतच नाहीत. हात मेला म्हणतात. कुणाच्या घरी गेलो तर हात खिशात. त्या विमानानं काय केलं कोण जाणे.”

विमानानं काही केलं नव्हतं. मसाल्याची पिशवी तिथेच खाली ठेवून मी उभ्या उभ्या रडलो. काकूंनी बसवलं, पाणी दिलं. डॉक्टर उठून बाहेर आले, चष्मा शोधत. मी तार टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“डावा पाय. डॉक्टर, तुमचं लँडिंग बरोबर होतं.”

त्यांनी ड्रॉवरमधून दात बघायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि तार खिडकीकडे धरली. बराच वेळ बघत होते.

“तापवलीस.”

“हो.”

“मी सांगितलं होतं.”

“हो.”

“वर पाणी दिलंस?”

“हो. दोन्ही उजवे पाय झाले होते, म्हणून.”

“दोन उजवे,” ते म्हणाले. क्षणभर मला वाटलं हसतील. नाही हसले. “नाखवा म्हणाला आपटलं, तेव्हा तू कुठे होतास?”

“तुमच्या शेजारी.”

“आठ महिने,” ते म्हणाले. “आठ महिने मी रोज सकाळी हा हात बघतो आणि म्हणतो, याच्यात आता काही धरायला द्यायचं नाही. तार मोडली असती तर मोडली असती रे. तार काय, दुसरी आणली असती.”

ते उठून आत गेले. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आज जा. पुन्हा ये, पण आज जा.”

तीन आठवडे मी दादरच्या बाजूला फिरकलो नाही. डिलाईल रोडला एका पेशंटकडे बूट पोचवायचे होते, तेवढ्यासाठीसुद्धा लांबून वळसा घालून गेलो, रस्त्यात ते दिसतील म्हणून. मग त्यांचाच फोन आला. “ये. बोलायचंय.”

गेलो तेव्हा रिमोट टेबलावर काढून ठेवलेला होता. त्यांनी तो घेतला, दोन्ही अंगठे काड्यांवर टेकवले आणि मला म्हणाले, “बघ.”

मी वाकून बघितलं. उजवा अंगठा हलत होता. काडी टकटक वाजत होती.

“आता खरंच हलतोय,” ते म्हणाले. “हात वापरला नाही म्हणून म्हण, वयामुळे म्हण. पण तेव्हा नव्हता हलत. हे तरी कळलं. बरं झालं सांगितलंस.”

रागावले असते तर मी सहन केलं असतं. ‘बरं झालं’ हे मला अजून सहन होत नाही. त्या दिवशी त्यांनी मला अकरावीचं काय ठरवलंस ते विचारलं. काकूंनी चहा आणला, आणि डॉक्टर तो कपातूनच प्यायले. अर्धा सांडला.

नाखवांनाही मी कोळीवाड्यात जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आयला, अन मी त्यांना आपटलंत म्हणालो.” मग म्हणाले, “रविवारी ये. उडवायला शिकवतो तुला.” गेलं वर्षभर शिकतोय. माझ्याकडून दोन विमानं मोडली, दोन्ही माझ्याच चुकीने, आणि दोन्ही वेळा मी तिथल्या तिथे तसं मोठ्याने सांगितलं. नाखवा म्हणतात, “बस की भावा, शेतातल्या बगळ्यांना पण कळलं.”

शिकण्यामागे एक कारण आहे. दोन रिमोट एका वायरने जोडता येतात. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक मागे उभ्या असलेल्या माणसाच्या. विमान पुढचाच उडवतो. काही चुकलं तरच मागचा बटण दाबून आपल्याकडे घेतो. पण त्या मागच्या माणसाला खरंच उडवता यायला हवं, विमान कोणत्याही अवस्थेत हातात आलं तरी. मी अजून तसा झालेलो नाही.

नवे पायही करतोय. तार थंडच वाकवलेली, वरच्या टोकाला तिलाच दोन वेटोळी दिलेली, म्हणजे पाय दबतो आणि परत येतो. चाकांमधलं अंतर वाढवलंय, रबर आणखी मऊ घेतलंय. थोडं वाकडं टेकलं, थोडं आपटलं, अंगठा हलला, तरी सांभाळून घेईल असं. प्रत्येक जोड मी वीतभर उंचीवरून शंभरदा सोडून बघतो, आणि मग पुन्हा झोप लागत नाही इतका घाबरून एकशे एकाव्यांदा सोडतो. डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मी विचारलं, याल का शेतावर? ते म्हणाले, “बघू.”

डॉक्टर, तुम्ही ‘बघू’ म्हणालात, ‘नाही’ म्हणाला नाहीत. एक दिवस मी तुम्हाला त्या शेतावर नेईन. रिमोट तुमच्या हातात असेल. मी तुमच्या मागे उभा असेन, बोट बटणावर ठेवून, आणि ते बटण दाबणार नाही. विमान तुम्ही उतरवाल. जे मी तुमच्याकडून काढून घेतलं ते मी तुम्हाला परत देईन. वेळ लागेल, मला अजून नीट येत नाही. पण देईन.